बाबांची लघवीची नळी किती दिवस ठेवायची?

पत्र :

ताई, माझे बाबा ७४ वर्षांचे आहेत. तीन आठवड्यांपूर्वी त्यांची लघवी अचानक तुंबली. रुग्णालयात नळी घातली, प्रोस्टेट वाढल्याचं सांगितलं, गोळ्या दिल्या आणि नळी-पिशवीसकट घरी पाठवलं. पुढे काय करायचं ते कागदावर नीट लिहिलेलं नाही. तेव्हापासून बाबा खोलीबाहेर येत नाहीत. पिशवी भरू नये म्हणून पाणी कमी पितात. नळी असूनही लघवीला लागल्यासारखं होतं म्हणतात, आणि कधी कधी नळीच्या कडेने लघवी झिरपते. एका नातेवाइकाने जाड नळी बसवून घ्या असं सुचवलंय. लघवीच्या तपासणीत जंतू आलेत, पण ताप नाही. दादा म्हणतो, नळी कायमचीच राहू दे, रात्रीचं उठणं वाचतं आणि पडायची भीती नाही. आई तर कॅथेटर (डॉक्टर नळीला म्हणतात तो शब्द) म्हटलं की रडायलाच लागते. आत्याला डायलिसिससाठी मानेत कॅथेटर होता, काकांच्या अँजिओग्राफीत कॅथेटर घातला होता. तिच्या मते कॅथेटर लागला म्हणजे माणसाचं काही खरं नाही. आम्ही काय करावं?

– एक मुलगी

उत्तर :

दादांच्या म्हणण्यापासूनच सुरुवात करते, कारण तुमच्या पत्रात मला सगळ्यांत जास्त काळजी वाटली ती त्या एका वाक्याची.

रात्रीचं उठणं वाचावं, म्हातारपणी पडझड होऊ नये, चादरी ओल्या होऊ नयेत, ही सगळी कारणं खरी आहेत आणि प्रेमापोटीच सुचलेली आहेत. पण त्यांतलं एकही कारण नळी ठेवायला पुरेसं नाही. इतकी वर्षं वॉर्डात परिचारिका म्हणून काम करून माझं एक मत पक्कं झालंय. नळी घालायला जेवढे हात धावून येतात, तेवढे ती काढायला येत नाहीत. घालताना माणूस तळमळत असतो, त्यामुळे सगळ्यांना घाई असते. काढायची घाई कुणालाच नसते. डॉक्टरांना वाटतं घरच्यांना सोयीची आहे, घरच्यांना वाटतं डॉक्टर सांगतील तेव्हा काढू, आणि ज्याच्या अंगात ती आहे तो संकोचाने गप्प. अशी बेवारस राहिलेली नळी महिनोन्‌महिने टिकते.

बाबांना नळी घातली ते योग्यच केलं. प्रोस्टेटची ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी मूत्रमार्गाला वेढून असते. वय वाढतं तशी ती वाढते आणि वाट अरुंद करते. मग एखाद्या दिवशी काहीतरी निमित्त होतं. बद्धकोष्ठ झालेलं असतं, प्रवासात लघवी फार वेळ रोखलेली असते, किंवा सर्दीची एखादी गोळी घेतलेली असते (नाक मोकळं करणारी काही औषधं मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू आवळतात, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं), आणि वाट पूर्णच बंद होते. मूत्राशयात एरवी चार-पाचशे मिलिलिटर लघवी साठली की माणसाला राहवत नाही. तुंबल्यावर ती लिटरभरही साठू शकते. तो दाब तसाच राहिला तर मूत्रपिंडांपर्यंत पोचतो. तेव्हा नळी हाच उपाय. पण तो त्या प्रसंगापुरता.

त्यापुढची पायरी म्हणजे नळी काढून बघणं, आणि तुमच्या कागदावर नेमकी तीच राहून गेलेली दिसते. बाबांना ज्या गोळ्या दिल्यात त्या बहुधा टॅम्सुलोसिनसारख्या असतील. त्या प्रोस्टेटचे आणि मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल करतात, आणि त्यांचा गुण काही दिवसांत दिसू लागतो. म्हणून साधारणपणे काही दिवस ते दोन आठवडे गोळ्या झाल्या की नळी काढतात आणि आपोआप लघवी होते का ते पाहतात. तुमचे तीन आठवडे होऊन गेलेत. तेव्हा ‘काही त्रास झाला तर या’ एवढ्यावर थांबू नका, उद्याच डॉक्टरांना फोन करा. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. लघवी तुंबल्यामुळे मूत्रपिंडांवर परिणाम झाला असेल, तर पुढची शस्त्रक्रिया होईपर्यंत डॉक्टर नळी मुद्दाम ठेवतात. त्यामुळे निर्णय त्यांचाच. तुम्ही विचारायचं ते एवढंच : नळी अजून कशासाठी आहे आणि कुठल्या तारखेला निघणार?

नळी काढणं फार सोपं असतं. तिच्या आतल्या टोकाला एक छोटा फुगा असतो. त्यात साधारण दहा मिलिलिटर निर्जंतुक पाणी भरलेलं असतं, त्यामुळे ती आत टिकून राहते. ते पाणी सिरिंजने ओढून घेतलं की नळी बाहेर येते. फुग्याची ही नळी १९३०च्या दशकात फ्रेडरिक फोली या अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञाने प्रचारात आणली. तिला फोलीज कॅथेटर म्हणतात तो हाच. नळी निघाल्यावर पहिल्या काही वेळा जळजळतं, थोडी थोडी होते, रंग जरा गुलाबी दिसतो, त्याला घाबरू नका. बाबांनी नेहमीसारखं पाणी प्यायचं. एकदम तांबेच्या तांबे रिचवायचे नाहीत, नाहीतर मूत्राशय उगाच ताणलं जातं. लघवी मोजपात्रात करायची आणि नंतर सोनोग्राफीने आत किती शिल्लक राहते ते पाहतात. नाहीच झाली तर नळी पुन्हा घालतात. तरीही सगळं संपलं असं समजू नका. काही दिवसांनी दुसरा प्रयत्न करता येतो, किंवा दुर्बिणीतून प्रोस्टेटचा अडथळा काढून टाकतात.

दादांची पडण्याची भीती मी झटकून टाकत नाही. रात्री लघवीसाठी उठताना वयस्कर माणसं पडतात हे खरंच आहे. पण पायात अडकणारी नळी आणि लोंबणारी पिशवीही माणसाला पाडते. त्यापेक्षा पलंगापाशी लघवीचं भांडं ठेवा, खोलीत मंद दिवा राहू द्या, झोपण्याआधी दोन-तीन तास पाणी-चहा कमी करा. आणखी एक. या गोळ्यांनी उभं राहताना रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते. आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसायचं आणि मगच उठायचं, हे बाबांच्या अंगवळणी पाडा. दादांना पहारा करायचाच असेल तर तो इथे करू दे.

आता तपासणीतल्या जंतूंविषयी. नळी आत असली की दर दिवसाला साधारण तीन ते सात टक्के शक्यता असते की मूत्राशयात जंतू येऊन बसतील. महिनाभर नळी राहिली तर जवळपास प्रत्येकाच्याच लघवीत ते सापडतात. म्हणजे तो अहवाल बाबांच्या आजाराविषयी फारसं काही सांगत नाही, नळी आत आहे एवढंच सांगतो. ताप नाही, थंडी नाही, पोटात-पाठीत दुखत नाही, माणूस शुद्धीत आणि नीट बोलतोय, तर नुसत्या अहवालासाठी अँटिबायोटिक द्यायचं नसतं. लघवी गढूळ आहे किंवा वास येतो, एवढ्यावरूनही नाही. विनाकारण दिलेल्या गोळ्यांनी जंतू मरत नाहीत, ते औषधाला सरावतात आणि खरी गरज पडते तेव्हा औषध चालत नाही. मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया ठरली असेल तर त्याआधी जंतूंवर उपचार करतात, ती गोष्ट निराळी. पुढे कधी ताप आलाच आणि तपासणी करायची वेळ आली, तर पिशवीतली लघवी देऊ नका; पिशवीत जंतू वाढतच असतात. जुनी नळी बदलून नव्या नळीतून नमुना घेतात.

नळी असूनही लघवीला लागल्यासारखं होणं, कडेने झिरपणं आणि पाणी कमी पिणं, हे तिन्ही एकमेकांत गुंतलेलं आहे. तो फुगा मूत्राशयाच्या तळाशी, अगदी नाजूक जागी टेकलेला असतो. मूत्राशयाला वाटतं आपण भरलोय, आणि ते कळ येऊन आकसतं. त्या जोराने लघवी नळीतून न जाता बाजूने येते. बाबा पाणी कमी प्यायले की लघवी दाट होते, आतल्या अस्तराला चुरचुरते, नळीत क्षारांचा गाळ धरतो आणि वर बद्धकोष्ठही होतं. भरलेलं मोठं आतडं मूत्राशयावर आणि नळीवर दाब देतं, की झिरपणं आणखी वाढतं. म्हणून आधी नळी कुठे मुडपली नाही ना, मांडीखाली दबली नाही ना ते बघा. मग पोट साफ होतंय का ते विचारा. मग पाणी वाढवा. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलं नसेल तर दिवसाला दीड ते दोन लिटर, लघवी फिकट पिवळी दिसेल इतपत. एवढं करूनही कळा थांबल्या नाहीत तर त्यावर औषधं आहेत. पण त्यांतली काही औषधं मूत्राशय सुस्त करतात, त्यामुळे नळी काढायच्या आधी ती बंद करायची का हे डॉक्टरांना विचारावं लागतं.

जाड नळीचा सल्ला मात्र मनावर घेऊ नका. नळीच्या पाकिटावर १४, १६ असे आकडे असतात. पॅरिसचा शल्य-उपकरणं बनवणारा कारागीर शारिएर याने एकोणिसाव्या शतकात लावून दिलेलं ते माप अजून चालतं. तीन अंक म्हणजे एक मिलिमीटर. सोळा नंबरची नळी पाच मिलिमीटरहून थोडी जाड. मोठ्या माणसाला बहुधा एवढी पुरते. रक्ताच्या गुठळ्या पडत असतील तर मोठी लागते. झिरपतंय म्हणून मोठी घातली तर मूत्रमार्गाला जास्त घासते, कळा वाढतात आणि झिरपायचं थांबत नाही.

नळी निघेपर्यंत घरी काय सांभाळायचं तेही सांगते. हात लावण्याआधी आणि नंतर साबणाने धुवायचे. दिवसातून एकदा आणि शौचानंतर नळीभोवतीची जागा साबण-पाण्याने धुवायची. नळी पुसताना शरीराकडून बाहेरच्या दिशेने पुसायची. धुताना शिश्नाची कातडी मागे घेतली असेल तर ती आठवणीने पुढे आणायची. हे फार महत्त्वाचं, आणि लाजेपोटी कुणी सांगत नाही. कातडी मागेच राहिली तर सुजून अडकते आणि तातडीने रुग्णालयात धावावं लागतं. पावडर, जंतुनाशकाची मलमं यांतलं काही लावू नका. नळी मांडीला पट्टीने थोडी सैल बांधा, म्हणजे हिसका बसणार नाही. पिशवी कायम मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर, पण जमिनीला टेकलेली नको. अर्धी-पाऊण भरली की रिकामी करायची आणि तोटी भांड्याला टेकू द्यायची नाही. नळी आणि पिशवीचा जोड उगाच सोडायचा नाही, जंतू तिथूनही शिरतात. अंघोळ खुशाल करू द्या.

रात्री-बेरात्री कधी धावायचं तेही आईसकट सगळ्यांना माहीत हवं. दोन-तीन तासांत पिशवीत थेंबही आला नाही आणि ओटीपोट फुगून दुखू लागलं, हुडहुडी भरून ताप आला, कमरेच्या वर पाठीत दुखायला लागलं, माणूस अचानक असंबद्ध बोलायला लागला, किंवा लघवीत रक्ताच्या गाठी दिसल्या, तर सकाळची वाट पाहू नका. बाबांनी अस्वस्थ होऊन नळी ओढली तरी तेच. फुगा फुगलेला असताना हिसका बसला तर मूत्रमार्ग आतून फाटतो. म्हणून घरी कुणीही नळी ओढायची नाही की कापायची नाही.

बाबा खोलीबाहेर येत नाहीत याला मी नळीएवढंच महत्त्व देते. पलंगाला टांगायच्या मोठ्या पिशवीऐवजी दिवसा मांडीला किंवा पोटरीला बांधायची छोटी पिशवी मिळते. वर सैल पायजमा घातला की कुणाला कळतही नाही. रात्री तिच्याच तोटीला मोठी पिशवी जोडायची. पिशवी रिकामी करायचं काम तुम्ही किंवा आईने करू नका. ते बाबांना शिकवा. दुसऱ्याने आपली लघवी ओतावी यात माणूस जेवढा खचतो, तेवढा नळीच्या दुखण्याने खचत नाही. पाणी कमी पिण्यामागे तेच असणार. आपल्यामुळे कुणाला उठावं लागू नये, म्हणून माणूस तहान मारतो.

आता आईकडे वळते. घरात तीन माणसांना तीन ठिकाणी तीन वेगळ्या नळ्या लागल्या, आणि तिने तिन्हींची मोट बांधून एकच भीती केली. तिला विचारा, तुझ्या हाताला कधी सलाईन लावलं होतं का? शिरेत राहते ती प्लास्टिकची बारीक नळी हाही कॅथेटरच, आणि रुग्णालयांत सगळ्यांत जास्त वापरला जाणारा. बाळंतपणात कळा कमी करायला पाठीत दोऱ्यासारखी नळी ठेवतात, तोही. केमोथेरपीची औषधं हाताच्या लहान शिरांना सोसत नाहीत, म्हणून ती थेट हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत पोचवायला नळी ठेवतात. छातीत पाणी साठलं तर तिथेही नळीच. यांतल्या बहुतेक नळ्या काम झालं की निघतात.

काकांची नळी तर अर्ध्या-एक तासाची पाहुणी. मनगटातून किंवा जांघेतून धमनीत घालतात, हृदयाच्या रक्तवाहिन्यांपर्यंत नेतात, क्ष-किरणांत दिसणारं औषध सोडून अडथळा कुठे आहे ते पाहतात आणि काढून घेतात. अडथळा उघडायला अँजिओप्लास्टी केली तर स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी) आत राहतो, नळी नाही. आणि गंमत बघा, जिवंत माणसाच्या हृदयापर्यंत नळी नेऊन क्ष-किरणांत दाखवणारा जर्मन डॉक्टर वेर्नर फोर्समान याने १९२९ साली वापरली ती नळी मूत्ररोगतज्ज्ञांच्या सामानातली होती. ती त्याने स्वतःच्याच हाताच्या शिरेतून साधारण पासष्ट सेंटिमीटर आत सरकवली आणि तसाच क्ष-किरणांच्या खोलीपर्यंत चालत गेला. तेव्हा त्याच्या वाट्याला टीकाच आली. १९५६ साली दुसऱ्या दोन शास्त्रज्ञांबरोबर नोबेल मिळालं. आईला हे जरूर सांगा. बाबांच्या आणि काकांच्या नळ्या नात्यातल्याच निघतात.

आत्याच्या नळीची गोष्ट वेगळी होती, आणि तिथे आईची धास्ती अगदीच चुकीची नव्हती. डायलिसिसला मिनिटाला काहीशे मिलिलिटर रक्त बाहेर काढून परत द्यावं लागतं, म्हणून मानेतल्या मोठ्या शिरेत जाड नळी घालतात. ती थेट रक्ताशी जोडलेली असल्याने जंतुसंसर्ग झाला तर जिवावर बेतू शकतं. म्हणून शक्य तिथे हातातली शीर धमनीला जोडून फिस्टुला तयार करतात, आणि तो तयार होईपर्यंत नळीवर भागवतात. पण तिथेही माणसाला खालावतो तो मूत्रपिंडाचा आजार. नळी माणसाला तगवत असते.

समजा, सगळे प्रयत्न करूनही बाबांना आपणहून लघवी झाली नाही आणि शस्त्रक्रियाही झेपणार नसेल, तरी कायमची नळी हा एकच मार्ग नाही. दिवसातून चार-सहा वेळा बारीक नळी स्वतः घालून मूत्राशय रिकामं करायचं आणि लगेच काढून टाकायची, ही पद्धत अमेरिकी डॉक्टर जॅक लापिडीस यांनी १९७२ साली मांडली. त्यासाठी हात स्वच्छ हवेत, शस्त्रक्रियेच्या खोलीचा थाट लागत नाही, हे त्यांचं म्हणणं तेव्हा अनेकांना धाडसाचं वाटलं होतं. जंतुसंसर्ग कायमच्या नळीपेक्षा कमी होतो आणि अंगाला पिशवी राहत नाही. बाबांचे हात स्थिर असतील, नजर बरी असेल तर याबद्दल जरूर विचारा, परिचारिका शिकवतात. तेही जमत नसेल तर ओटीपोटातून थेट मूत्राशयात नळी घालतात. ती बदलायला सोपी, आणि मूत्रमार्गाला घासत नाही. मूत्रमार्गातूनच ठेवायची झाली तर सिलिकॉनची नळी साधारण बारा आठवड्यांपर्यंत चालते, साधी लॅटेक्सची त्याआधीच बदलावी लागते. बाहेरून कंडोमसारखी चढवायची नळीही कुणी सुचवेल. ती लघवी आवरत नाही अशा माणसासाठी. जिथे वाटच बंद आहे तिथे तिचा उपयोग नाही.

डॉक्टरांकडे जाताना रुग्णालयातून घरी येताना मिळालेले सगळे कागद, मूत्रपिंडाच्या कार्याच्या रक्ततपासणीचा अहवाल आणि बाबा घेत असलेल्या सगळ्या गोळ्या बरोबर न्या. सर्दीची, झोपेची, ॲलर्जीची, कुठलीही असली तरी. दादांनाही घेऊन जा, त्यांचा प्रश्न त्यांनी स्वतःच विचारलेला बरा. आणि नळी काढायची वेळ सकाळचीच मागून घ्या. संध्याकाळी काढली आणि पुन्हा तुंबलं तर मध्यरात्री धावपळ होते. सकाळी काढली तर सोनोग्राफी करणारे, नळी घालणारे सगळे जागेवर असतात आणि बाबांना दिवसभर निवांत वेळ मिळतो.